बारा वजा, उरले अठरा

नाई बा, उठू नको, पडून राह्य — चक्कर अजून पूर्ण गेली नाई तुझी. आत्ताच साखर पाह्यली मी, वर आली आहे, भेव नाई. सकाळी तू मले ओळखतही नव्हता — हात थंडगार, अंगाला घाम. हिरडीला साखर चोळताना अर्धी उशीवरच सांडली माझी. पण हिशेब कुठी चुकला, तेच समजून नाई राह्यलं. ऐक ना. कर्बोदकं भातात असतात, वालाच्या दाण्यांतही असतात, पण दाण्यांत तंतू जास्त. तंतूची रक्तात साखर होत नाई, तो पोटातून तसाच निघून जाते — म्हणून वजा करायचा. वाटीभर दाण्यांत तीस ग्रॅम, बारा वजा, उरले अठरा. म्हणून तर तुझा भात अर्धा केला आणि दाण्यांची वाटी भरून दिली. तू हसला होता — मोहफुलं घेणारा शेठही एवढा काटा लावत नाई म्हणे. दोन्ही मिळून जेवढं झालं तेवढ्याची इन्सुलिनची सुई दिली, ताटाचा फोटो पुण्याच्या मॅडमले पाठवला, ज्यांच्याकडे हे आहाराचं शिकली, त्यांनी शाबास लिहिलं, मग मी पाण्याले गेली आणि तू — काय? काय नाई खाल्लं?

दाणे नाई खाल्ले. पंडुम नाई झाला म्हणून. माहीत आहे ना मले, मी काय परक्या गावची आहे? नवी शेंग देवाले दिल्याशिवाय गावात कोणी तोंडात घालत नाई. पण त्या तर एटापल्लीच्या बाजारातल्या, आपल्या वेलाच्या नाई — बरं, बाजारच्या असल्या तरी नाई. मग बोलला काऊन नाई? शेळीले टाकले आणि रिकामी वाटी ठेवून दिली. सुई गेली पूर्ण जेवणाची, पोटात अर्धा भात. आणि काल मी तुझ्यासमोर बसून तेच दाणे खाल्ले, वाटी पुसून खाल्ली, तेव्हाही तू गप. पोरगी एवढं शिकून आली, तिले कसं नाई म्हणायचं — असंच ना? पुण्यात बाराही महिने शेंगा मिळतात बा, कोण विचारते देवाले दिल्या का म्हणून.

तू बाजारात सांगत फिरतो, लालसूच्या निशानं गावासाठी नोकरी सोडली. मीही तेच सांगते — शाळेत, दवाखान्यात — कोसरी, कुटकी, रानभाज्या, आपल्या सगळ्या खाण्याचं मोजमाप करीन, पूर्ण तालुक्याले शिकवीन. करीनही. पण खरं सांगू? गाव मले नंतर आठवलं. तुझ्या पायाचा अंगठा काळा पडला असं बुधरी आत्यानं फोनवर सांगितलं, त्याच दिवशी बॅग भरली. तुझा पाय राहावा, बस. तेवढ्यासाठी मोजून राह्यली, आणि माझ्याच सुईनं तू —

हे सूरजागडच्या खाणीचे ट्रक. थांबतच नाई. धड बोलूही देत नाई.

डॉक्टरले फोन केला होता. ते म्हणाले, आता आधी जेवू द्या, पोटात काय गेलं ते डोळ्यानं पाहा, मग सुई. म्हणून भात आणला, पूर्ण आणला, सोबत अंबाडीची भाजी. दाणे नाई. पंडुम कधी आहे? — पौर्णिमेनंतर? बरं. तोपर्यंत दुसरं काही शोधते, कुळथाचं बघते — त्याचा झाला ना? विचारून राह्यली मी, हसू नको.

हे काय, शर्ट काऊन वर केला? आत्ताच सांगितलं ना, सुई आधी नाई. तुले अजूनही माझ्याच हातची — खाली कर बा.

जेव.