सीटखालचं चित्र

दुखऱ्या गुडघ्यांच्या रुख्मिणीबाईंना औंढ्याहून हिंगोलीच्या बसमध्ये कशीबशी जागा मिळाली, तर मागच्या सीटवरच्या दोघींची तोंडं थांबेनात.

“प्रदर्शनाचं चित्र झालं का गं निलम?”

“झालं की. सर म्हणले, फुलं दिसतात तशी नको, मनाला वाटतात तशी काढ. मी देवावरची सुकलेली फुलं काढली.”

“मग?”

“सासूबाईनं निर्माल्य समजून चित्रच धरणात सोडलं.”

“अगं बाई! बुडालं?”

“न्हाई ना. मासे धरणाऱ्यानं आणून दिलं. सासूबाई म्हणल्या, देव परत आला. तवापासून देव्हाऱ्यात मांडून रोज ताजी फुलं वाहून राहिल्या.”

“अन् प्रदर्शन?”

“आजच हाय. त्या आंघोळीला गेल्या, तसं उचलून आणलं.”

“कुठं ठेवलं?”

“पुढच्या बाईच्या सीटखाली.”

रुख्मिणीबाई ताडकन उठल्या आणि हिंगोलीपर्यंत उभ्यानंच गेल्या.