मावशींच्या चहाची पत्ती

"हिच्या हातच्या चहाला वास येतो गो. उद्या धसईच्या मावशीला मीच करीन," सासूबाई नणंदेला सांगत होत्या. मी दाराआड उभी. लग्नाला जेमतेम महिना झालेला, आणि मावशींचं मत म्हणजे सगळ्या नातेवाइकांचं मत!

मी डबा हुंगला. सुटी पत्ती, सैल झाकण आणि शेजारीच सुकटीची बरणी. गुपचूप नवी पत्ती आणली, घट्ट डब्यात भरून माझ्या कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पाणी उकळत ठेवून मावशींना घ्यायला अंगणात गेल्या. तेवढ्यात मी माझी पत्ती टाकून चहा केला.

"फक्कड झालाय! केला कोणी?" मावशींनी विचारलं.

"मीच. हिला नाय जमत."

"मग अजून अर्धा कप कर गो."

सासूबाई उठल्या. मी म्हणाले, "आई, या चहाची पत्ती माझ्या कपाटात आहे."