भट्टीवरचा होकार

सुजाता वहिनी, आणि सुकुमारच्या शोकसभेला उन्हातून आलेले तुम्ही सगळे,

मला बोलायला उभं केलंत. सुकुमारबद्दल सगळे चांगलंच बोलले. मी खरं बोलतो. मला त्याचा हेवा वाटायचा. तो गेला, तरी वाटतोच हाय.

वायुदलाच्या वैमानिकांसाठी आम्ही दोघांनी सरावाची प्रयोगशाळा उभी केली. खोट्या कॉकपिटमध्ये माणूस बसायचा, आणि पडद्यावर त्याच्या शेजारी यंत्रानं चालवलेलं विमान. दोघांनी जोडीनं कसं उडायचं, ते तिथं शिकायचं. आराखडा माझा. मांडणी माझी. आणि नाव? नाव सुकुमारचं.

का? शिरोलीत त्याच्या वडिलांची फाउंड्री. तिथं वितळलेल्या लोखंडाचं भांडं दोघं मिळून उचलतात. पुढचा विचारतो, "उचलू?" मागचा "व्हय" म्हणेपर्यंत पाऊल हलत नाही. सुकुमारनं तेच यंत्राला शिकवलं. वैमानिकानं होकार दिल्याशिवाय यंत्र वळणार नाही. मी हसलो. म्हटलं, "लेका, ही काय भट्टी हाय?" वैमानिक मात्र त्यावरच खूश. माझ्या आराखड्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही.

मी जळलो, मंडळी. लई जळलो. वायुदलाचे साहेब पाहणीला येणार, त्या दिवशी सकाळी यंत्राचं ते होकार विचारणं मी गुपचूप बंद केलं. यंत्रानं न विचारता विमान वळवलं, थेट वैमानिकाच्या अंगावर. पडद्यावरच, पण साहेबांच्या डोळ्यांदेखत. कुणाची चूक, असं विचारल्यावर सुकुमार म्हणाला, "माझ्याकडनं राहिलं, साहेब."

नंतर चहाच्या गाडीवर त्यानं मला हळूच विचारलं, "दत्ता, तू बंद केलतंस व्हय?"

मी कपात बघत बसलो. तो थांबला. समोरचा बोलेपर्यंत थांबायची सवय त्याला घरचीच. चहा गार झाला, तरी थांबला. परत कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा मात्र माझ्याच टेबलावर उघडला. वहिनी, तुम्ही दिलेल्या भाकरीतली अर्धी माझ्यापुढं ठेवली. त्याचाही मला हेवा वाटला. एवढं मन ह्याला, मग मला का न्हाई?

वहिनी, तुम्हाला हे आजच कळतंय. माफ करा म्हणायचं तोंड नाही मला.

आता आपण दोन मिनिटं गप्प उभं राहू. त्याआधी तेवढं उत्तर देतो. तो अजून थांबला असंल.

सुकुमार, व्हय. मीच.