तेवढा पंखा जपा

...आणि वर मलाच म्हणतात, "तेवढा पंखा जपा." अहो, पण किती जपू? माणसाला हात दोन, त्यातला एक चुन्याने उललेला, दुसऱ्याला मुंग्या आलेल्या, आणि तुम्हाला वाटेल पंखा म्हणजे वाळ्याचा असेल, खुंटीला अडकवला की झालं. नाही हो. विजेचा पंखा. छताला टांगायचा. चार पात्यांचा, मध्ये तपेल्याएवढं लोखंडी पोट, आणि त्या पोटावर इंग्रजीत काहीतरी कोरलेलं, जे आमच्या आळीत कुणाला वाचता येत नाही म्हणून सगळेच वाचल्यासारखं करतात. आता तुम्ही विचाराल, आत्माराम, तुमच्या आळीत वीज कधी आली? तुम्हाला सांगतो, आलीच नाही. विजेचा खांब सोडा, खांबासाठी खड्डा नाही. वीज येणार येणार म्हणून गेली चार वर्षं ऐकतोय, ती आपली येतेय. पण पंखा आलाय. वैशाखात बोटीने मुंबईहून आला, पडावातून बंदरावर उतरला, आणि दोन हमालांच्या डोक्यावरून वाजतगाजत घरी आला. एवढी वाजतगाजत माझी वरात निघाली नव्हती.

पाठवला कुणी? धाकूने. धाकू म्हणजे माझा मेहुणा, आमच्या हिचा एकुलता एक भाऊ, मुंबईत विजेच्या तारा जोडतो. फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीतले जुने पंखे काढले, त्यातला एक साहेबाने ह्याला दिला, आणि ह्याच्या मनात काय आलं, तर ताईच्या घरी लावावा. बरं, पाठवून गप्प बसला का? मागोमाग स्वतः आला. सकाळी उतरला, माजघरातल्या मधल्या तुळईला आमच्या आजोबांच्या वेळची लोखंडी कडी आहे, वर्षातून एकदा कामाला येते ती, कशाला ते सांगतो पुढे, त्या कडीत पंखा चढवला, नट पिळले, आणि त्याच दुपारी परतीची बोट धरली. माझ्याशी एक शब्द नाही. जाताना ताईला तेवढं म्हणाला, "मी गणपतीला येईन. तोवर कुणी हात लावायचा नाही. नट माझ्या अंदाजाने पिळलेत. तेवढा पंखा जपा."

माझ्याशी का बोलला नाही, तेही सांगून टाकतो, लपवण्यात काय अर्थ? तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या पंगतीत हा सांगत होता, मी विजेच्या कामात आहे, साहेब माझ्यावाचून तारेला हात लावत नाही, अमुक नि तमुक. आणि माझी जीभ... ती काही माझ्या ताब्यात नाही, आमच्या वडिलांच्याही ताब्यात त्यांची नव्हती. मी म्हणालो, "म्हणजे शिडी धरतोस ना?" सगळी पंगत हसली. पोरगा ताटावरून उठला. अर्धा मोदक पानात तसाच. त्यानंतर दोन गणपती आमच्याकडे फिरकला नाही. आईबाप गेलेले, माहेरचं घर बंद, भावंडं उरली दोनच, आणि त्यातला एक माझ्या एका वाक्याने तुटला. ही मला त्याबद्दल कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दर गणपतीला एक पान जास्त वाढायची आणि मग मुकाट्याने उचलायची.

तेव्हा पंखा का जपायचा ते आलं ना लक्षात? वाऱ्यासाठी नाही. वारा आम्हाला खाडीवरून फुकट येतो.

तर श्रावण सरत आला, जरा उघाड पडली, आणि ही म्हणाली, गणपतीच्या आधी माजघराला चुना लावून घ्या. मी मिरजोळ्याच्या बाबल्याला बोलावलं. बाबल्या म्हणजे रंगाऱ्यांतला जुना माणूस, केवड्याच्या मुळीचा स्वतः ठेचून केलेला कुंचा, दुसऱ्याच्या कुंच्याला हात लावणार नाही. पण हा कुंचा मारतो कसा, तर शेतात बी फेकल्यासारखा. भिंतीला लागेल तेवढं भिंतीचं, बाकीचं तुमचं. आला, वर बघितलं, आणि सरळ विचारलं, "भाऊ, ह्यो काडून खाली का नाय ठेवत?" शहाण्या माणसाचा प्रश्न होता हो. पण ही दारातून म्हणाली, "काढायचा नाही. धाकूने लावलाय तसाच राहायला हवा. चुना दे, पण तेवढा पंखा जप." बाबल्याने माझ्याकडे बघितलं. मी तुळईकडे बघितलं.

मग पंखा गुंडाळायचं ठरलं. हिने पेटीतलं लुगडं काढलं. नऊवार. मी स्टुलावर, ही खाली, आणि आम्ही दोघं त्या पंख्याला लुगडं नेसवतोय, आणि नेमकी शेजारची तुळसा विरजण मागायला आली. वर बघते, खाली बघते, आणि म्हणते, "काकू, निऱ्या पुढे घ्या. नाहीतर चालताना अडकेल बिचारी." झालं. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी, आत्मारामच्या घरी पंख्याची ओटी भरली.

तेवढ्यात आमचे केरूकाका. हे म्हातारे जन्मभर आगबोटीवर खलाशी होते, त्यामुळे जगात जे जे लोखंडाचं आहे ते सगळं त्यांना कळतं. आले, लुगड्याला बोट लावलं आणि म्हणाले, "आत्माराम, हे काय, पंखा आहे की नवरी? चुना झिरपेल यातून. पंख्याला शिडाचं कापड लागतं." लुगडं सोडलं. घरून फाटकं शीड घेऊन आले, पंख्याच्या पोटाला गुंडाळलं, वर सुंभाने गाठी मारल्या. एकेक गाठीला नाव, आणि एकेका नावाला एकेक बंदर, आणि एकेका बंदराची एकेक गोष्ट. दीड तास. तोवर बाबल्याचा चुना घमेल्यात घट्ट. त्यात पात्यांची टोकं बाहेर राहिली, म्हणून त्यांना उशांचे अभ्रे चढवले. चार पाती, चार अभ्रे. त्या रात्री आम्ही सगळे उघड्या कापसावर झोपलो, आणि सकाळी कानात सरकी.

आता तरी झालं? नाही. केरूकाका म्हणाले, "वरून थेंब पडला तर? छताचं काय?" मग मागच्या पडवीतून इरलं आणलं. लावणीच्या वेळी बायका पाठीवर घेतात ते, पानांचं. ते पंख्यावर बसेना, कारण मध्ये दांडी. सारखं घसरायचं. तेव्हा कुणीतरी ते धरून उभं राहायला हवं. कुणी? अहो, घरात रिकामटेकडा कोण? मी लाकडाच्या वखारीत कारकून आहे, त्या दिवसापुरती रजा घेतली होती, घराला रंग देऊन घ्यायला म्हणून. ती रजा मी स्टुलावर उभा राहून काढली. दोन्ही हात वर, हातात इरलं, इरल्याखाली पंखा, आणि पंख्याखाली मी. म्हणजे पावसापाण्यात पंख्याला इरलं आणि मला पंखा. बाबल्या छताच्या फळ्यांना कुंचा मारतोय, चुना इरल्यावरून ओघळून माझ्या सदऱ्यात शिरतोय, तिथून कुठे कुठे जातोय ते विचारू नका, आणि खालून दोघंही, ही आणि केरूकाका, माझी विचारपूस सोडून, "तेवढा पंखा जपा."

आणि ह्या सगळ्यात एका कोपऱ्यात आमचा दिवा टांगलेला. दुधी काचेची टोपी, खाली रॉकेलची टाकी, माझ्या वडिलांनी घेतलेला. तीस वर्षं रोज संध्याकाळी उजेड देतोय. बाबल्याने विचारलं होतं, "भाऊ, ह्या दिव्याला कायतरी बांदायला होवा." ही म्हणाली, "राहू दे रे, तो आपला रोजचाच आहे." रोजचा. म्हणून त्याला ना लुगडं, ना शीड, ना गाठ. मीही काही बोललो नाही हां, उगाच सगळं तिच्यावर कशाला ढकलू?

मग जे व्हायचं ते झालं. बाबल्या शिडीवर, शिडीचे पाय शेणाने सारवलेल्या जमिनीवर, त्यावर सांडलेला चुना. शिडी सरकायला लागली. आता शिडी धरायला माणूस लागतो, हे मला त्या क्षणी कळलं. इतकं कळलं की काय सांगू. बाबल्याने मांजरासारखी खाली उडी टाकली, शिडी निघाली ती सरळ पंख्याकडे, माझे दोन्ही हात वर, आणि खालून दोघं एका सुरात, "पंखा..." मी काय केलं असेल? पाय दिला. डाव्या पायाने शिडी ढकलली. शिडी वळली. पंखा वाचला. आणि कोपऱ्यात खळ्ळकन आवाज झाला.

हिने विचारलं, "पंख्याला लागलं का?"

"नाही."

"मग काय फुटलं?"

"दिवा."

"असू दे," ती म्हणाली. तुम्हाला सांगतो, असू दे! वडिलांचा दिवा. पण तिचा चेहरा बघितला मी. रडवेली झाली होती, आणि ती काही दिव्यासाठी नव्हे. म्हणाली, "माझ्यासाठी नाही तर नाही, पंख्यासाठी का होईना, येतोय तो." मी काचा वेचल्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी धाकू आला. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून रेल्वेने कोल्हापूर, तिथून मोटारीने घाट उतरून हातखंब्यावरून, अंगावरचे कपडे चिखलाने भरलेले. आम्ही सकाळीच शीड सोडलं होतं, अभ्रे काढले होते, हिने प्रत्येक पातं खोबरेल लावून पुसलं होतं. पंखा असा चकाकत होता की देवघरातली समई लाजेल. आम्ही सगळे रांगेत उभे. ही, केरूकाका, राहिलेले डाग खरवडायला आलेला बाबल्या, आणि सगळ्यांच्या मागे मी, तोंड मिटून. धाकूने वर बघितलं. खाली बघितलं. इकडे तिकडे बघितलं. आणि म्हणाला, "ताई, माटवी कुठे टांगणार?"

तुम्हाला माहीत आहे ना माटवी? गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळ, कवंडळं, तेरडा, सुपारीचा घोस, नारळ, तवसं... रानातलं आणि परसातलं जे जे असेल ते सगळं बांधायचं. आमच्याकडे ती आजोबांच्या वेळपासून टांगली जाते ती कुठे? त्या कडीला. वर्षातून एकदा कामाला येणाऱ्या त्या कडीला. चौकट सजून पडवीत तयार होती, आणि चार महिने वर बघून बघून माझी मान अवघडली होती, पण कडी अडलीय हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. ना माझ्या, ना हिच्या, ना सात समुद्र फिरलेल्या केरूकाकांच्या.

मी म्हटलं, आता आपण गोड बोलायचं. म्हणालो, "धाकू, यंदा माटवी राहू दे हो. पंखा आहे ना, शोभा आहेच."

धाकू माझ्याकडे बघतच राहिला. तीन वर्षांनी पहिल्यांदा. म्हणाला, "भावोजी, पंख्यासाठी देवाची माटवी राहू द्यायची? डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि बाबल्याची शिडी ओढली, पंख्याखाली लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि मान न वळवता म्हणाला, "शिडी धरा जरा."

धरली. दोन्ही हातांनी धरली. पंगत नव्हती म्हणून बरं, नाहीतर हसली असती. पण हसला तोच. वर चढताना त्याचे खांदे हलत होते, मी बघत होतो. मग मलाही आवरेना.

आणि त्याने काय केलं माहीत आहे? चौकटीचे चार कोपरे पंख्याच्या चार पात्यांना बांधले. सुंभाने. करकचून. आंब्याचे ओले टाळ पात्यांवर, कवंडळाचा चीक पोटावर, तेरड्याची माती त्या इंग्रजी नावावर. ज्याच्या टोकाला मी चुन्याचा शिंतोडा लागू दिला नाही त्याचा ह्या बाबाने भाजीबाजार केला. वर बोटाने ढकलून बघितलं, तर तवसं, नारळ, सुपारी सगळं घेऊन पंखा सावकाश फिरला. "बघ ताई," म्हणाला, "फिरतो की." आणि ही हसली हो. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोघं भावंडं हसत होती, आणि मी शिडी धरून खाली. चुन्याने सोललेले माझे हात मी कुणाला दाखवायचे?

मग तिन्हीसांजा झाल्या, मूर्ती आणून ठेवली, आणि धाकू म्हणाला, "दिवा लावा, ताई. पंखा कसा दिसतो बघू." मीच सांगितलं सगळं. शिडी, पाय, खळ्ळकन. वाटलं, आता ऐकवेल काहीतरी, त्याचा हक्क होता. पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भावोजी, माझ्या पंख्यापायी तुमच्या वडिलांचा दिवा गेला. मी भरून देतो. वैशाखात पाठवतो एक झुंबर. विजेचं. सहा दिव्यांचं."

मी भीत भीत विचारलं, "धाकू, पण वीज?"

"ती काय, येईल हो," तो म्हणाला. आतून हिचा आवाज आला, "अहो, ऐकलंत ना? झुंबर काचेचं असतं हो."

तेव्हा मंडळी, कुणाच्या पडवीत जुनं इरलं पडलं असेल तर टाकू नका. मला सहा लागतील.