चौथी ब ची सहल आमच्या आळीत

नाव माझं सुमन, पन ते आता रेशन कार्डावरच उरलंय, शाळेत बावीस वर्षं झाली मला सगळे मावशीच म्हनतात, टीचर लोक पन मावशी, पोरं पन मावशी, पोरांच्या आया पन मावशी, एकदा तर आमचे हे शाळेत चावी मागायला आले आनि वॉचमननी ओरडून सांगितलं, मावशी, तुमचे मिस्टर आलेत, तेव्हा ह्यांच्या तोंडून पन निघून गेलं, अगं मावशी, चावी कुठं ठेवलीस. माझा जन्म तळोज्याकडचा. आमची भातशेती होती, ती मी लहान असतानाच कंपन्यांच्या एरियात गेली, जिथं माझा बाप नांगर धरायचा तिथं आता टाकी उभी हाय मोठी, बापाला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक, मला मात्र त्या उंच चिमनीचं कौतुक वाटायचं, लहानच होते ना. लग्न होऊन आले नेरूळला, म्हंजे तुमच्या स्टेशनवालं नेरूळ नाय, खाडीकडचं जुनं, सासरे मिठागरावर कामाला होते, दीर अजून खाडीत पाग टाकतो, पाग म्हंजे ते गोल फेकायचं जाळं.

पन तुमी विचारलंत सहलींचं, तर आता नीट बसा, चहा थंड झाला तर दुसरा करू. मी लागले तेव्हा सहल म्हंजे फायर ब्रिगेड आनि पोस्ट ऑफिस, एकाच दिवसात दोन्ही, पैसे काय नाय, घरून पुरीभाजी आनायची, फायर ब्रिगेडवाले भोंगा वाजवून दाखवायचे आनि पहिलीचं एक तरी पोर चड्डी ओली करायचं, झाली सहल. मग तारांगन सुरू झालं, तिथं अंधार केला की अर्धी पोरं झोपायची, टीचर पन झोपायच्या, मीच एकटी तारे बघायची, मला ते फार आवडायचं. मग दूध डेअरी, मग बिस्किटाचा कारखाना, तिथं प्रत्येकाला पुडा फुकट, मग वॉटरपार्क, मग तो मॉलमधला बर्फ, बाहेर घामाच्या धारा आनि आत पोरं कानटोप्या घालून बर्फात लोळतायत, मला पन त्यांनी तो जाड कोट घातला होता, साडीवर, फोटो हाय माझ्याकडं, दाखवते नंतर. आनि रेट पन तसेच चढत गेले, साठ रुपये होते, त्याचे दीडशे झाले, चारशे झाले, बर्फाला नऊशे, आनि गेल्या वर्षी चौथीच्या ट्रिपचं सर्क्युलर निघालं ते अठराशे पन्नासचं, टोपी आनि ग्रुप फोटो धरून.

मी बावीस वर्षांत एक ट्रिप चुकवली नाय, मुलाचं लग्न होतं तेव्हाची सोडून. माझ्याशिवाय बस हलतच नाय, खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. कुठलं पोर कुठल्या वळनावर ओकनार ते मी चढतानाच चेहऱ्यावरून सांगते, त्याला खिडकीशी बसवते, पदराला प्लास्टिकच्या पिशव्या खोचलेल्या असतात, लिंबू असतं, आवळासुपारी असते. आनि मोजायची माझी पद्धत वेगळी, टीचर लोक आकडे मोजतात, मी जोड्या मोजते. दोघादोघांनी हात धरायचे, जोडी सुटली की कोन हरवलं ते लगेच कळतं, आनि जे एकटं उरतं त्यानं माझा हात धरायचा. दरवर्षी कोन ना कोन उरतंच. त्यामुळं सगळ्या सहली मी कुठल्या तरी पोराचा घामट हात धरूनच बघितल्यात.

उरतं का ते सांगते तुम्हाला. सहलीच्या दिवशी पोरांना ताप येतो. हसू नका, खरंच येतो, पन ठरावीक पोरांना. आदल्या दिवशी शाळेत उड्या मारत असतात, सहलीच्या दिवशी गैरहजर, दुसऱ्या दिवशी आईची चिठ्ठी, ताप होता. टीचर म्हनतात, काय बाई व्हायरल चाललंय. मला मात्र तो ताप ओळखू येतो, कारन मला तो आलेला हाय. चौथीतच होते मी, गुरुजींनी घारापुरीची सहल काढली होती, पाच रुपये, आमी तिघं भावंडं शाळेत, तिघांचे पंधरा, आई म्हनाली, दोघं भाऊ जाऊ देत, तू सांग ताप हाय. मी भर दिवसा गोधडी घेऊन पडले, एवढी मन लावून पडले की दुपारी अंग खरंच गरम झालं. गुरुजी संध्याकाळी बघायला आले, हात लावला आनि म्हनाले, हो गं, हाय ताप. भाऊ रात्रभर त्या तीन तोंडांच्या दगडी देवाबद्दल बोलत होते, आनि मी कान बंद करून घेतले होते. हे मी कोनाला सांगितलं नव्हतं, मोठ्या मॅडमना, म्हंजे आमच्या प्रिन्सिपलना सोडून, ते येईल पुढं.

तर गेल्या वर्षी ते अठराशे पन्नासचं सर्क्युलर. कर्जतच्या बाजूला कसलं तरी फार्म, रंगीत कागद होता, त्यावर छापलेलं, ग्रामीण जीवनाचा अनुभव, चूल, जातं, भाकरी थापने, होडीतली सैर. चौथी ब मध्ये पोरं बेचाळीस, सह्या करून चिठ्ठ्या आल्या तेवीस. सोनल टीचर, त्यांची वर्गाची टीचर, रोज विचारायची, बाकीच्यांचं काय, आनि एकोनीस माना खाली. त्यात एक ईश्वरी नावाची पोरगी, सानपाड्याला भाड्याच्या खोलीत राहतात, बाप तळोज्याला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, तिचा भाऊ दुसरीत, त्याची पन ट्रिप. एवढी बोलघेवडी पोर, पन त्या आठवड्यात गप्प. एका दुपारी हात धुताना मला म्हनाली, मावशी, ताप किती दिवस आधी यायला लागला तर खरा वाटतो? तिच्या बापाची कंपनी कुठं, तर आमच्या शेताच्या जागेवर, आनि तिच्या अंगात ताप कुठला, तर माझाच.

त्याच दिवशी मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये मी चहा घेऊन गेले, सोनल टीचर पन होती, मॅडम म्हनत होत्या, तीस पोरं नसतील तर बस परवडत नाय, चौथी ब ची ट्रिप कॅन्सल करू. टेबलावर तो रंगीत कागद पडलेला. माझ्या तोंडून निघूनच गेलं, मॅडम, होडीतली सैर सोडली तर ह्यातलं सगळं आमच्या आळीत हाय, शाळेपासनं बसनी दहा मिनिटं. दोघी हसल्या. मग मॅडम हसायच्या थांबल्या आनि म्हनाल्या, मावशी, बसा. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या केबिनमध्ये मी खुर्चीवर बसले. मग मी तापाचं सगळं सांगितलं, माझं पन, ईश्वरीचं पन, नाव न घेता. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. म्हनाल्या, पान्यात कोन उतरनार नाय, एकही पोर होडीत चढनार नाय, आनि काही झालं तर शाळेचं नाव जाईल, तुमचं पन जाईल. मी म्हटलं, जाऊ दे माझं, पन बेचाळीस नेऊ. डिझेलचे पोरामागं तीस रुपये ठरले.

मग पालकांच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते टीचरनी मला वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, मुलांना गावठानात नेऊन काय दाखवनार, पार्किंग? आता तसं त्यांचं अगदीच खोटं नाय, आमच्याकडं घरापेक्षा गाड्या जास्त झाल्यात, माझ्या स्वतःच्या पुतन्याची चार माळ्यांची बिल्डिंग हाय. जातं शोधलं तर त्यावर मनीप्लँटची कुंडी निघाली. चूल गच्चीवर. सासऱ्यांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं पोटमाळ्यावरून काढलं, त्याला अजून खारट वास होता. मला टेन्शन असं आलं होतं, पोरं येतील आनि म्हनतील, मावशी, इथं तर काय नायच.

सहलीच्या सकाळी जोड्या लावल्या. वीस जोड्या आनि एक उरला, आरव, त्यानं नेहमीसारखा माझा हात धरला. ईश्वरी नव्हती. तिची तीस रुपयांची चिठ्ठी आली होती, मी स्वतः बघितली होती. मॅडम म्हनाल्या, पाच मिनिटं थांबू. मी गेटकडं बघत होते आनि मनात म्हनत होते, पोरी, आता नको गं, आता तरी नको. ड्रायव्हरनं गाडी चालू पन केली, आनि कोपऱ्यावरून स्कूटर आली, बाप कंपनीच्या कपड्यातच, ड्युटी लांबली होती त्याची, मागं ही, वेनी अर्धी सुटलेली, उतरता उतरताच बोलायला लागली, मावशी, मला कायपन झालेलं नाय, मी एकदम बरी हाय. आरवनं माझा हात सोडला आनि तिचा धरला. एकवीस जोड्या. माझा हात पहिल्यांदा मोकळा होता, मला कळेना त्याचं करायचं काय, शेवटी मी पिशव्याच मोजत बसले.

आनि मग काय धमाल, विचारू नका. दिरानं किनाऱ्यावर उभं राहून पाग फेकला, तो असा गोल उघडला की पोरं एका सुरात ओरडली. मग त्यानं चिंबोरी काढली, जिवंत, मोठी खेकडी हो, तिच्या पाठीवर हलका पाय ठेवून सुतळीनं नांग्या बांधून दाखवल्या, अर्धा तास पोरं तिथून हलेनात. एक शुद्ध शाकाहारी घरातली पोरगी विचारते, काका, हिला दुखत नाय ना? दीर आयुष्यात पहिल्यांदा विचारात पडला आनि म्हनाला, तुज्यासाठी सोडतो हिला, आनि सोडली की खाडीत, त्या दिवशीचा चांगला पैसा सोडला त्यानं. सासऱ्यांच्या फावड्यानं पोरांनी अंगनात पसरलेलं मीठ ओढलं, जात्यावर तांदूळ दळले, अर्धे डोक्यावर.

पन जेवनात माझी फजिती झाली. आमचं धरून सात घरी मी सांगितलं होतं, बेचाळीस पोरं येनार, भाकरी-बिरड्याचं बघा, मासळी नको. शाळेत राहून माझं डोकं शाळेचं झालंय, तिथं काम वाटून देतात. आमच्या आळीत पावना एका घरचा नसतो, सगळ्यांचा असतो, आनि पावन्याचं जेवन शेजारनीला विचारून करायचं म्हंजे कमीपना. तर सातही घरांनी बेचाळीस-बेचाळीस पोरांचं रांधलेलं. तांदळाच्या भाकरीच्या चळती, वालाच्या बिरड्याची सात पातेली, घाऱ्या तर टोपलीभर. आनि प्रत्येक दारात बाई उभी राहून हाक मारतेय, माझ्याकडं आधी. माझी जाऊ म्हनते, माझ्या दारातनं पोरां उपाशी गेली तर मी तुज्याशी बोलनार नाय. माझी सून पन तेच, आई, आपलीच पोरं, आपल्याकडं कमी पडलं तर? मोठ्या मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या, त्यांना वाटलं भांडन होतंय. मग त्यांनीच हिशेब केला, सात घरं, सहा-सहा पोरं, तीन-तीन जोड्या. तरी जाऊ कुरकुरली, माझ्या वाट्याला सगळी वाळकी पोरं आली, खानार काय. पोरं एका घरी जेवून गुपचूप दुसऱ्या घरी जायची, तिथं पुन्हा बसायची, ईश्वरी चार घरी जेवली, तिनं स्वतः सांगितलं मला. बसमध्ये भाकऱ्या एवढ्या बांधून दिल्या की शिक्षक लोकांनी दोन दिवस स्वैपाक केला नाय. ज्यानं पार्किंगचं लिहिलं होतं त्याच्या पोरानं दोन घाऱ्या खिशात घालून नेल्या, आनि संध्याकाळी त्याच्या बायकोचा मेसेज, मावशी, रेसिपी मिळेल का?

आता ह्या जूनला मी रिटायर होनार. मॅडमनी चौथीला दरवर्षी आमची आळी ठरवलीय, बर्फाची आनि फार्मची ट्रिप पन चालू हाय, ज्यांना परवडते त्यांनी जावं, पोरांनी सगळं बघावं, बर्फ पन बघावा, माझं काय म्हननं नाय. आळीत बायकांची मीटिंग झाली, यंदा कोनी किती भाकऱ्या करायच्या ते ठरलंय, मला खात्री हाय कोनी ऐकनार नाय. मुलगा म्हनतो, आई, तुला घारापुरीला नेतो, बोटीनं तासाभराचं काम. जाईन कधी तरी, नायतर नाय जानार. त्या दिवशी ईश्वरी स्कूटरवरून उतरून मी एकदम बरी हाय म्हनाली ना, तेव्हा माझा पन तो चौथीतला ताप उतरला. आता देवाकडं एवढंच मागते, शाळेतल्या कुठल्याच पोराला सहलीच्या दिवशी ताप नको येऊ दे, आनि आलाच तर तो खरा असू दे.