शिवलेली पानं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं धाकटे, तू होय. थांब, दूध वर यायला लागलंय, गॅस बारीक करते… हं, बोल आता.

हो, हो… शाळेतून बोलावणं? काय केलं आमच्या वाळवीने?… तक्रार नाही? मग?… अच्छा. नऊ वर्षांची पोर पंधरा वर्षांच्या मुलांची पुस्तकं फस्त करते, असं बाई म्हणाल्या. मग यात रडण्यासारखं काय आहे? लोकांच्या पोरांचं पुस्तक बघूनच पोट दुखतं.

रडत नाहीयेस. बरं. सर्दी झाली असेल.

काय हवंय म्हणालीस?… यादी. साहसाची पुस्तकं हवीत… भाषा मोठ्यांची हवी… जाडजूड हवीत… हं. आणि कुणी मरायला नको, हरवायला नको, कुणाची आई आजारी पडायला नको. अगं, मग उरलं काय? बसचं वेळापत्रक.

नाही गं, थट्टा नाही करत. वीस वर्षं मुलांच्या वाचनालयात काढली, पण असलं पुस्तक काही माझ्या हाताखालून गेलं नाही.

तिला विचारलंस का, तिला काय हवंय ते?… नकाशा. पहिल्या पानावर नकाशा असलाच पाहिजे. शहाणी आहे. आणखी?… पुस्तकातली मुलं संध्याकाळी जेवायला घरी येता कामा नयेत? अगदी मावशीवर गेलीये कार्टी.

ऐक ना… अगं ऐक तर. मागे वय छापलेलं असतं त्याच्याकडे बघूच नकोस. ते दुकानदाराच्या सोयीसाठी. पोरीला कपाटासमोर उभी कर आणि बाजूला हो. ती मधलंच एखादं पान उघडेल. वाचता वाचता जमिनीवर बसली, की ते पुस्तक तिचं. आमच्याकडे जी मुलं आधी खुर्ची शोधायची, त्यांना मी गपचूप दुसरं पुस्तक द्यायची.

काय?… कुठल्या कपाटात?… कुलूप लावलंस?

का गं?… दोन दिवस धड जेवली नाही. कशावरून?… हं, ती बर्फातली मोहीम. भाऊ परत येत नाही तेच ना?… वाचलंय मी. मीही रडले होते, आणि माझी चाळिशी उलटली होती तेव्हा.

मग रडून झाल्यावर तिने काय केलं?… पुढचा भाग मागितला. आणि तू कुलूप लावलंस.

ओरडत नाहीये… बरं, ओरडले. चुकलं माझं.

बाबा करायचे तेच केलं म्हणतेस… आठवतं की, न आठवायला काय झालं? दुकानात गिऱ्हाईक नसलं की मशिनवर पुस्तक उघडं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रद्दीवाल्याकडून गठ्ठा आणायचे आणि आपल्या हातात देण्याआधी प्रत्येक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचे. कुठे काही वाईट घडलं, की ती पानं एकत्र धरून कडेने कच्चा धावदोरा… हो, पांढरा दोरा. पाच टाके. शिंप्याच्या पोरी आपण, कपड्यांसारखी पुस्तकंसुद्धा मापाने मिळायची.

तुला त्याचं काहीच वाटायचं नाही, नाही का? तुफान सुटायचं, आणि शिवलेली पानं ओलांडली की लख्ख ऊन. तो म्हातारा खलाशी तर एकदम गायबच. तू म्हणायचीस, निवृत्त झाला असेल… हो, हसतेय मी. फार गोड होतीस तू.

मी?… मी उसवायची… सगळी. एकही सोडली नाही. सुईच्या टोकाने हळूच दोरा ओढायची, वाचायची, आणि त्याच भोकांतून परत ओवायची. शिवण मी तिथेच शिकले… कळलं नसेल होय? दुसऱ्याच्या हातचा टाका बाबा रस्त्यापलीकडून ओळखायचे. एकदा पुस्तक उघडलं, तर शिवलेल्या पानांवर दोरा ओवलेली सुई टोचून ठेवलेली. तेव्हापासून मी त्यांच्याच सुईने परत शिवायची… तेरा. मी तेराची होते आणि तू नऊ.

हो… त्याच वर्षी.

टपालाच्या होडीचं पुस्तक आठवतं?… तेच. बेटाबेटांवर टपाल वाटणारी बाई आणि तिची मुलगी. तुझं सगळ्यांत लाडकं. आई आजारी पडते, मग ते पाच टाके, आणि पुढच्या पानावर मुलगी एकटीच होडी वल्हवतेय. तिची आई कुठे गेली, असं तू बाबांना विचारलंस. बाबा म्हणाले, आजोळी गेली, विश्रांतीला.

आणि आपल्या आईच्या वेळी… हो. तेच म्हणाले. दवाखान्यातून आले, गळ्यात मापाची टेप तशीच होती, आणि तुला म्हणाले, आजोळी गेलीये, विश्रांतीला.

महिनाभर तू शाळा सुटली की बसथांब्यावर जाऊन बसायचीस… माहितीये गं. मीच यायची ना तुला आणायला.

ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला माहीत होतं… तेव्हाच. बाबांनी ‘आजोळी’ म्हटलं त्या क्षणी कळलं, कारण ती पानं मी वाचली होती. आणि तरी तुझ्या शेजारी बसून मीही बसची वाट बघत राहिले, मुकाट. पस्तीस वर्षं झाली, अजून ते मला खातं. मला माफ कर गं.

हॅलो?… आहेस ना?

हो… रड… रड गं राणी. मी आहे इथेच.

नाही, बाबांचं चुकलं असं नाही म्हणत. बायको गेल्यावर पोरींना काय सांगायचं ते कुणी त्यांना शिकवलं नव्हतं… हो, मलाही येते त्यांची आठवण. रोज येते.

काय?… ते पुस्तक? माझ्याकडेच आहे. इथे समोर, फळीवर… टाके? तसेच आहेत. शेवटचे मीच घातले होते.

तिला द्यायचं? नक्की?… मग ती कपाटाची किल्लीपण तिच्याच हातात देऊन टाक… बरं, बरं, विचार करून दे.

आत्ता?… तुला ऐकायचंय, फोनवर?… थांब मग. कात्री घेते… एक… दोन… कागद फार पिवळा पडलाय… हं, सुटला दोरा.

सगळं नको? बरं, थोडक्यात सांगते… आई जाते, धाकटे. पहाटे, झोपेतच. शेजारीण मुलीला जवळ घेते आणि सरळ सांगते… हो, सांगते ना. मुलगी आरडाओरडा करते, वल्हं फेकून देते, आईचा कोट अंगावर घेऊन पडून राहते. मग पिशव्या उचलते आणि होडी पाण्यात ढकलते.

हो… तिथूनच. तुझं आवडतं पान तिथूनच सुरू होतं. तिचा चेहरा ओला असतो बघ त्या पानावर. तुला वाटायचं, लाटांचं पाणी उडालंय.

हो गं… हो… रडत रडतच वल्हवते ती… पोचते ना. सगळ्या बेटांवर पोचते.

या. दोघी या. आधी तू वाच, मग तिला दे… ठेवते.