बाटलीवरचा ठिपका

मी, गुलजार बाबालाल अत्तार, वय ५७ वर्षे, धंदा प्लास्टिकच्या बाटल्यांचे साचे बनवणे, राहणार बिबवेवाडी, पुणे. माझी मुलगी सुमय्या हिच्या डोळ्यांना झालेल्या इजेच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी नसीमबानू आणि मुलगी सुमय्या, वय २४, यांच्यासह राहतो. घराखालीच माझा गाळा आहे. सुमय्या ही माझी पहिली पत्नी नाजिमा हिची मुलगी. ती लहान असतानाच नाजिमा आजारपणात वारली. त्यानंतर मी नसीमबानूशी निकाह केला. सुमय्या तिला खाला म्हणते. अम्मी म्हण, असे तिला कोणी सांगितले नाही आणि नसीमनेही कधी म्हणवून घेतले नाही. सुमय्या खराडीला एका कंपनीत कामाला आहे. घरात दोघींचे भांडण होते का, असे जबाब घेणाऱ्या मॅडमनी विचारले. चहात साखर किती घालायची यावरून होते. ते धरायचे असेल तर रोज होते.

माझ्या आजोबांचे मंडईजवळ अत्तराचे दुकान होते. आता आडनावच काय ते राहिले आहे. मी हाताने दाबून माल काढायच्या बाटल्यांचे साचे करतो. शॅम्पू, तेल, अंगाला लावायचा पातळ साबण, असा माल त्यात भरतात. बाटली मी करतो आणि आतला माल नसीम करते. ती शिकलेली नाही असे सुमय्याचे मामू शहेजाद यांनी तिच्याविरुद्धच्या तक्रारीत लिहिले आहे. ती बी.एस्सी. आहे. शिकेकाई आणि रिठ्याचा दाट शॅम्पू तिने घरच्या गॅसवर करून पाहिला, तो साध्या बाटलीतून बाहेर येईना. तेव्हा मी झाकणावर उलटी उभी राहणारी बाटली केली. कल्पना माझी नाही. पुण्यात कोणाच्याही बाथरूममध्ये जा, शॅम्पू संपत आला की बाटली भिंतीला टेकवून उलटी उभी केलेली असते. संपल्यावर त्यात पाणी घालून आणखी चार आंघोळ्या होतात. मी ते फक्त प्लास्टिकमध्ये केले.

त्या बाटलीला मी लांब तोंड दिले. शॅम्पू आधी तळहातावर घ्यायला नको, एका हाताने दाबली की धार सरळ केसांत, असे ते आहे. तळहातावर घेतलेला अर्धा शॅम्पू मोरीत जातो, हे मी बरीच वर्षे बघत होतो. हे घटनेशी संबंधित आहे का, असे मॅडमनी विचारले. आहे, म्हणून सांगतो.

आंघोळ करणाऱ्या माणसाचे डोळे मिटलेले असतात. चेहऱ्याला साबण असतो. लेबलावर कितीही सुंदर चित्र काढा, ज्या वेळी बाटली लागते त्या वेळी ते कोणी बघत नाही. म्हणून मी बाटलीच्या खांद्यावर ठिपका ठेवला, अंगठ्याला लागेल असा. एक ठिपका म्हणजे केसांचे, दोन ठिपके म्हणजे अंगाचे. आमच्या घरात सगळ्या बाटल्या नमुन्याच्या असतात, एकावरही लेबल नसते. आम्ही तिघे ठिपक्यावर आंघोळ करतो. पाहुणा आला तर त्याला आधी समजावून सांगावे लागते. पाहुणे हसतात.

रात्री आम्ही खाली गाळ्यातच जेवतो. नवीन नमुना निघाला की त्या जेवणाला परीक्षा असते. ताटे उचलली की तिघांनी डोळे मिटायचे, बाटली एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची आणि ती कशाची ते हाताने ओळखायचे. तिघांनाही ओळखता आली की मगच ती बाटली वर बाथरूममध्ये जाते. हा घरचा नियम आहे. सुमय्या शाळेत असल्यापासून या परीक्षेला बसते. मी एकच बाटली फिरवून दोनदा दिली तर म्हणायची, "अब्बू, फसवू नका हं." तिला कधी फसवता आले नाही.

गेल्या महिन्यात एका कंपनीला आमची बाटली पसंत पडली. आतला माल नको, नुसती आमची बाटलीच त्यांना हवी होती. त्यांच्या बाणेरच्या ऑफिसात मी आणि नसीम दोघे गेलो होतो. तिथल्या मुलाने बाटली हातात घेऊन सांगितले, "अंकल, बॉटल एकदम मस्त आहे. फक्त हा पिंपल काढा. लेबल नीट बसत नाही, लुक जातो." मी म्हणालो, "तो बघायला नाही, हाताला लागायला आहे." तो म्हणाला, "पण अंकल, दुकानात लोक डोळे उघडे ठेवूनच घेतात ना." मुलगा वाईट नव्हता.

घरी येऊन मी साच्यातला ठिपक्याचा खड्डा वेल्डिंगने भरला आणि घासून गुळगुळीत केला. नवीन बाटल्या बिनठिपक्याच्या निघाल्या. दिसायला खरेच चांगल्या. नसीमने केसांचा शॅम्पू त्यांत भरला. ठिपक्याच्या जुन्या बाटल्यांचे पोते गाळ्यात पडून होते. आमच्याकडे काही फेकत नाहीत. नसीमने विचारले, "अहो, यांचं काय करायचं?" मी म्हणालो, "आता त्या बाद झाल्या. मोरीबिरीला वापर." हे शब्द माझे आहेत. ते असेच लिहावेत.

बाथरूमची मोरी आठ-पंधरा दिवसांनी तुंबते. साबण करताना उरलेले कॉस्टिक सोड्याचे पाणी नसीम त्यात टाकते, त्याने मोरी मोकळी होते. बाटलीचे तोंड लांब असल्यामुळे ते जाळीत बरोबर जाते, म्हणून तिने ते पाणी एका ठिपक्याच्या बाटलीत भरले. मंगळवारी रात्री जेवणानंतर आम्ही परीक्षा घेतली. गुळगुळीत ती केसांची, ठिपक्याची ती मोरीची. नसीमने ओळखले, मी ओळखले. सुमय्या ऑफिसमध्ये होती, तिला उशीर होणार होता. नसीम म्हणाली, "सुमय्या येईपर्यंत बाटल्या खालीच राहू दे." मी म्हणालो, "ने वर. सकाळी सांगू तिला." म्हणून नसीमने फळीवरची संपलेली जुनी बाटली काढली, शॅम्पूची नवी बाटली फळीवर आणि मोरीची बाटली खाली बादलीमागे ठेवली.

बुधवारी सकाळी नमुने घेऊन मी भोसरीला गेलो. निघताना सुमय्या झोपलेली होती. तिला उठवले नाही.

यापुढचे मी स्वतः पाहिलेले नाही. नसीम, शेजारच्या सत्यशीलाताई आणि नंतर सुमय्या यांनी सांगितले ते सांगतो. सुमय्याने चेहऱ्याला साबण लावला, डोळे मिटले आणि फळीवर हात घातला. हाताला गुळगुळीत बाटली लागली. अब्बूंचे काहीतरी नवीन असेल, परीक्षा झाली नाही, वापरायला नको, असे समजून तिने ती परत ठेवली. मग चाचपत खाली बादलीमागे हात गेला. अंगठ्याला एक ठिपका लागला. तिने बाटली उलटी करून सरळ डोक्यावर दाबली. तळहातावर घेतले असते तर आधी हात भाजला असता. आमच्या बाटलीला तळहात लागत नाही.

ती चुकली नाही. लहानपणापासून मी तिला जे शिकवले तेच तिने केले.

तिची हाक ऐकून नसीमने खांद्याचा धक्का देऊन दाराची कडी तोडली. तिने सुमय्याचे डोके नळाखाली धरले. शेजारून सत्यशीलाताई आल्या. नसीमने त्यांना गाळ्यातून नवीन बाटल्या आणून नळाच्या पाण्याने भरायला सांगितले. बादलीभर बाटल्या घेऊन तिघी रिक्षात बसल्या. सुमय्याचे डोके मांडीवर घेऊन, बोटांनी तिच्या पापण्या उघड्या धरून, नसीम एकामागून एक बाटली तिच्या डोळ्यांवर रिकामी करत होती. बाटलीची धार बारीक आणि एकसारखी पडते. त्याचसाठी ती केली होती, म्हणजे केसांसाठी. रिक्षावाला ओरडत होता की सीट भिजते. सत्यशीलाताई त्याला म्हणाल्या, "तुझी सीट वाळेल रे. गाडी चालव."

डॉक्टरांनी मला सांगितले की रस्त्यात पाणी थांबले असते तर दोन्ही डोळे तिथेच गेले असते. डाव्या डोळ्याची आशा ते देत नाहीत. उजव्याचे पट्टी काढल्यावर कळेल. हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या सॅनिटायझरच्या बाटलीकडे बघत होतो. तिचे झाकण गळत होते. मला तेवढेच दिसत होते. मी अजून रडलेलो नाही. रडू येईल असे वाटते, पण ते येत नाही.

नसीमच्या दोन्ही हातांना कॉस्टिकने फोड आले आहेत. रात्री तिने भाकरी मोडायला घेतली तेव्हा मला ते दिसले. तोपर्यंत ना तिने सांगितले, ना मी विचारले. ते कोणत्याच कागदावर आलेले नाहीत, म्हणून इथे सांगतो.

शहेजाद हे नाजिमाचे भाऊ, म्हणजे सुमय्याचे मामू. ते हॉस्पिटलात आले आणि सगळ्यांसमोर नसीमला म्हणाले, "पोटची असती तर तिच्या हाताशी विष ठेवलं असतंस का?" त्याच दिवशी त्यांनी सावत्र आईने मुद्दाम केले अशी तक्रार दिली. मला त्यांचा राग आलेला नाही. बहिणीची एकच खूण राहिली आहे, तिचे असे झाले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कोणाचे तरी नाव शोधले असते. फक्त त्यांनी चुकीचे शोधले.

काल सुमय्याने मला सांगितले की दोन्ही बाटल्या घेऊन या, रिकाम्या. मी गाळ्यातून एक ठिपक्याची आणि एक गुळगुळीत अशा धुऊन नेल्या. शहेजाद पलंगाशेजारी बसले होते आणि नसीम दाराबाहेर बाकावर होती. सुमय्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. तिने दोन्ही बाटल्यांवरून अंगठा फिरवला.

"ठिपका कधी काढला, अब्बू?"

"महिना झाला. घरात मंगळवारपासून."

"परीक्षा झाली?"

"झाली. तू ऑफिसात होतीस."

"खाला काही म्हणाली नाही?"

"तू येईपर्यंत खाली ठेवू म्हणाली. मीच वर न्यायला लावल्या."

तिने गुळगुळीत बाटली मला परत दिली, ठिपक्याची स्वतःकडे ठेवली. मग म्हणाली, "मामू, ऐकलंत ना? खालाला आत बोलवा. आणि तक्रार मागे घ्या." शहेजाद उठून बाहेर गेले. त्यांनी नसीमला आत पाठवले, तक्रारीचे मात्र काही बोलले नाहीत. नसीम आली. सुमय्याने तिचा हात धरला, बोटांनी फोड चाचपले आणि विचारले, "हे मला का नाही सांगितलं?" नसीम म्हणाली, "तुला काय काय सांगू?"

निघताना सुमय्या मला म्हणाली, "अब्बू, ठिपका परत लावा. कंपनीला नको असेल तर नको. मला लागेल." मी हो म्हणालो. रात्री साचा उघडून खड्डा परत कोरला. ठिपका किंचित वाकडा आला आहे. अंगठ्याला लागतो. कंपनीचे फोन येत आहेत, मी घेतलेले नाहीत.

पत्नीवर संशय आहे काय, असे मॅडमनी विचारले. नाही. आणखी कोणावर संशय आहे काय, असे विचारले. संशय नाही. ठिपका मी काढला, बाद बाटली मोरीला वापर असे मी म्हणालो, परीक्षा पुरी होण्याआधी बाटल्या वर मी न्यायला लावल्या, आणि सकाळी मुलीला मी उठवले नाही. यात संशय घेण्यासारखे काही राहत नाही. हा कायद्याने गुन्हा होतो की नाही ते आपण ठरवावे. नसीमला पुन्हा चौकशीला बोलवायचे असेल तर हातांचे फोड बरे झाल्यावर बोलवावे, तिला आता सही करता येणार नाही. एवढीच विनंती आहे.

मला मराठी लिहिता-वाचता येते. तरी जबाब वाचून दाखवा असे मीच सांगितले. हवालदारांनी तो सुरुवातीपासून वाचला आणि मी डोळे मिटून ऐकला. मी सांगितला तसाच आहे. बरोबर आहे.

समक्ष: पोलीस उपनिरीक्षक (श्रीमती पूर्णिमा)

सही: गुलजार बाबालाल अत्तार